आधी पक्षांना विचारा, मग नावे जाहीर करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताची बाजू मांडायला सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी निघाली आणि इथे दोन्ही शिवसेना एकमेकींवर तुटून पडल्या. एका शिष्टमंडळाचे नेतृत्व शिंदे गटाच्या श्रीकांत शिंदे यांच्याकडे, तर रविशंकर प्रसाद यांच्या शिष्टमंडळात ठाकरे गटाच्या प्रियांका चतुर्वेदी. संजय राऊत यांनी या दौऱ्यांना वऱ्हाड म्हटले, मग शिंदे गटाचे प्रत्युत्तर आले.

मी डोंबिवलीची. २२ एप्रिल २०२५च्या हल्ल्यात आमच्या गावातली तीन माणसे गेली. दुसऱ्या दिवशी रात्री भागशाळा मैदानात तीन पार्थिवे ओळीने ठेवली होती. २४ तारखेला शहर बंद होते. स्टेशनजवळची भाजीवालीसुद्धा बसली नव्हती. बंदची हाक सगळ्याच पक्षांची होती. म्हणून 'वऱ्हाड' हा शब्द फार लागला.

पण 'आम्हाला विचारले नाही' ही विरोधी पक्षांची तक्रार मात्र मला रास्त वाटते. काँग्रेसने चार नावे दिली, त्यांपैकी एकट्या आनंद शर्मांना घेतले; शशी थरूर यांना सरकारने परस्पर निवडले. तृणमूलच्या युसूफ पठाण यांचे नावही आधी जाहीर झाले, त्यांनी माघार घेतली आणि ममता बॅनर्जींशी बोलणे झाल्यावर अभिषेक बॅनर्जी आले. हाच फोन आधी करता आला असता. पक्षाला डावलून त्याचा माणूस उचलला की फोडाफोडीचा संशय येणारच, आणि महाराष्ट्रात तर शिवसेना फुटल्याची २०२२ची जखम अजून ओली आहे.

१९९४ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरचा प्रश्न आला तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना शिष्टमंडळाचे प्रमुख केले. सोबत सलमान खुर्शीद होते, फारूख अब्दुल्ला होते. पाकिस्तानला भारताविरुद्धचा ठराव मागे घ्यावा लागला. खरा पक्ष कुठला, असले वाद तेव्हा विमानतळापर्यंत पोहोचले नाहीत.

खरी शिवसेना कुणाची, हे भांडण कोर्टात आणि निवडणुकीत काय व्हायचे ते होऊ द्या. अबुधाबीत किंवा पॅरिसमध्ये कुणी ते विचारणार नाही. शिंदे तर आमचेच खासदार. दौरे आटोपल्यावर त्यांनी आणि चतुर्वेदींनी एकत्र डोंबिवलीत यावे आणि भागशाळा मैदानातच, आमच्या लोकांबद्दल तिथे काय सांगितले, ते आम्हाला सांगावे.

– एक वाचक, डोंबिवली