स्टिकरवर वजन छापता, मग मास्टर कुठला तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत गाण्याच्या रेकॉर्ड परत आल्याचा लेख वाचला. फोटो झकास होते, पण 'उबदार आवाज' इतक्या वेळा आलाय की वाचता वाचता घाम फुटायची वेळ आली. रेकॉर्ड घेणाऱ्याला जे खरंच माहीत पाहिजे ते मात्र लेखात औषधालाही नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, वाटेल तिथे कापा.

अलीकडे माझ्या कलेक्शनमध्ये बरीच भर पडली, काही नव्या, काही वापरलेल्या, आणि एक गठ्ठा जुन्या ७८ वाल्यांचा (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड) जो कुणाला तरी कपाट रिकामं करायचं होतं म्हणून माझ्याकडे आला. नव्यांपैकी बहुतेकींवर एकच गोल चकचकीत स्टिकर, '१८० ग्रॅम'. अहो, वजनाचं काय एवढं कौतुक? साधी एलपी, म्हणजे लांब वाजणारी रेकॉर्ड, १२०-१४० ग्रॅमची असते आणि आवाज असतो तो खाचेत, जाडीत नाही. जाड रेकॉर्ड हातात छान वाटते, वाकायची शक्यता थोडी कमी असेल, मान्य, पण खाच ज्या मास्टरवरून, म्हणजे ज्या पक्क्या रेकॉर्डिंगवरून, कापली तोच भिकार असेल तर २०० ग्रॅमची करा नाहीतर किलोची करा, ऐकायला तेच येणार. आणि तो मास्टर कुठला, मूळ टेप की सीडीसाठी केलेली फाइल, हे कव्हरच्या मागे, पुढे, आत, कुठेच लिहिलेलं नसतं.

याने किती फरक पडतो ते एका उदाहरणाने सांगतो. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम, १९५९ चा, त्याची नवीन प्रत घेतली. या अल्बमचं पहिलं सेशन २ मार्चला झालं तेव्हा ज्या मशीनवर मुख्य टेप चालू होती ती मशीन जरा हळू फिरत होती, त्यामुळे ती टेप बरोबर स्पीडवर वाजवली की पहिली अख्खी बाजू किंचित चढ्या सुरात ऐकू येते. तीस वर्षांहून जास्त काळ जगभर लोक तीच चढी बाजू ऐकत होते, आणि रेकॉर्ड लावून सोबत वाजवायला बसणारे आपलंच वाद्य पिळत बसायचे. मग १९९२ मध्ये दुसऱ्या मशीनवरची राखीव टेप वापरली गेली, ती बरोबर स्पीडची होती. म्हणजे एकाच नावाच्या, एकाच कव्हरच्या दोन रेकॉर्डमध्ये सूरच वेगळा असू शकतो. असं असताना विकणारा आपल्याला ग्रॅम सांगतो!

वापरलेल्या रेकॉर्डचं एक बरं असतं, तिची कुंडली तिच्या अंगावरच लिहिलेली असते. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा राहतो ना, तिथे नीट बघा. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरायची, हळूहळू फिरवायची, बारीक नंबर दिसतात, काही छापलेले, काही चक्क हाताने कोरलेले. यावेळी ब्लू नोट या जॅझ कंपनीची एक जुनी प्रत मिळाली, कव्हर कोपऱ्यात फाटलेलं, वर कुणीतरी पेनने आपलं नाव टाकलेलं, म्हणून बाकीच्यांनी सोडून दिली असावी. पट्ट्यात 'आरव्हीजी' ही तीन अक्षरं. म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर, ज्यांनी ते सेशन रेकॉर्ड केलं आणि मग लॅकरसुद्धा (साचे बनवायला आधी जी तबकडी कापतात ती) स्वतःच कापला. मूळचे डोळे तपासणारे बरं का, सुरुवातीला आईवडिलांच्या घरातल्या हॉलमध्ये रेकॉर्डिंग करायचे. दोन-तीन बारीक चरे आहेत, टिक टिक येते, पण ट्रम्पेट असा समोर येऊन उभा राहतो की टिकटिक विसरायला होते. फाटक्या कव्हरला नाक मुरडणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो.

आता मला 'अ‍ॅनालॉगच पाहिजे' असं ओरडणाऱ्यांत धरू नका. डिजिटल फाइलवरून कापलेल्या काही रेकॉर्ड माझ्याकडे आहेत आणि त्या सुंदर वाजतात. खरं तर सत्तरच्या दशकाच्या शेवटापासूनच कितीतरी रेकॉर्ड कापताना मध्ये डिजिटल डिले, म्हणजे आवाज क्षणभर मागे धरून ठेवणारं यंत्र, असायचा. कारण असं की कापणाऱ्या मशीनला पुढे येणारा आवाज मोठा आहे की लहान हे थोडं आधी कळावं लागतं, तरच ते दोन खाचांमध्ये किती जागा सोडायची ते ठरवू शकतं. तेव्हा माझी तक्रार डिजिटलवर नाही, लपवाछपवीवर आहे. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीचं प्रकरण बाहेर आलं ते याच कारणाने. मूळ मास्टर टेपवरून केलेल्या म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डमध्ये डिजिटल पायरी होती आणि ती सांगितलेली नव्हती. कोर्टात गेलं, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. गंमत म्हणजे तोवर भलेभले कानसेन त्याच रेकॉर्ड शुद्ध अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून दाखवत होते.

अजून एक गोष्ट जी स्टिकरवर नसते ती म्हणजे एका बाजूवर किती मिनिटं कोंबलीत. बाजूला वीस-बावीस मिनिटं ठीक, त्यापुढे गेलं की खाचा जवळ जवळ आणाव्या लागतात, मग आवाज लहान करावा लागतो, बास म्हणजे जाड, खालचा आवाज कमी करावा लागतो. आणि रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, सुई आत सरकली तरी फेरे तेवढेच, म्हणजे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच जाते आणि लेबलजवळ जेमतेम २०. तेवढ्याच संगीताला जागा निम्म्याहून कमी! म्हणूनच बाजूच्या शेवटच्या गाण्यात शब्दांतला 'स' फाटतो, झांजा चिरकतात. यावेळी एक अल्बम मुद्दाम मिनिटाला ४५ फेऱ्यांवर कापलेला, दोन रेकॉर्डवाला घेतला. दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं, घरचे हसतात, पण शेवटचं गाणं पहिल्याइतकंच स्वच्छ वाजतं आणि ते मला मंजूर आहे.

त्या ७८ च्या गठ्ठ्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या लेखाच्या चौकटीत रेकॉर्ड अल्कोहोलने पुसायचा सल्ला सरसकट दिलाय. कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. ७८ वाल्या बहुतेक रेकॉर्ड लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते! एकदा पुसली की गेली, परत येत नाही. त्यांना डिस्टिल्ड वॉटर, अगदी थोडा सौम्य साबण आणि मऊ कापड, लेबल न भिजवता, बास. शिवाय त्यांची खाच रुंद असते, एलपीची सुई त्यात तळाला जाऊन घासते आणि नुसती खरखर ऐकू येते, मग लोक म्हणतात रेकॉर्ड खराब आहे. वेगळी जाड सुई लावा आणि मग बोला.

ऑनलाइन विकणाऱ्यांना पण एक विनंती. 'निअर मिंट', म्हणजे जवळपास नवी, म्हणून आलेली एक रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली तर टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, होडीसारखा वरखाली. फोटो कव्हरचेच चार टाकले होते, रेकॉर्डचा एकही नाही. एक फोटो तिरक्या उजेडात रेकॉर्डचा, एक त्या काळ्या पट्ट्यातल्या नंबरचा, एवढं टाकायला काय जातं?

आणि तुमच्याकडे मागणं असं की संगीताच्या पानावर जुन्या अल्बमची नवी आवृत्ती आली म्हणून जेव्हा लिहाल तेव्हा गायकाच्या चरित्रातल्या दोन ओळी कमी करून मास्टर कुठला, कापला कुणी, प्रेस कुठे झाली हे लिहा. कंपनीने सांगितलं नसेल तर 'कंपनीने सांगितलेलं नाही' असंच स्पष्ट छापा. दर वेळी छापलंत तर त्यांनाही कधीतरी लाज वाटेल. आणि ती अल्कोहोलची दुरुस्ती तेवढी विसरू नका, उद्या कुणीतरी आजोबांच्या रेकॉर्ड पुसायला घेईल.

आपला,
एक नियमित वाचक