दोन कान, दोन न्याय

प्रिय ऑडिओलॉजिस्ट ताई,

स. न. वि. वि.

वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, तरी ताईच म्हणते.

तुमच्याकडे आले तेव्हा दोन्ही कानांतल्या ऐकण्याच्या मशीनना डोम होते. पहिल्या दुकानातून तसेच मिळाले होते: रबरी टोप्या, एकाच मापाच्या. डाव्या कानाची तक्रार नव्हती. उजवा मात्र छळायचा. डोक्यावरून पदर घेतला की शिट्टी, नातू गळ्यात पडला की शिट्टी. आवाज कमी केला की शिट्टी थांबायची आणि ऐकूही येईनासं व्हायचं. मी तर मशीनच बाद ठरवलं होतं.

तुम्ही आलेख पुढ्यात ठेवून समजावलंत. उजव्या कानाची रेघ 80 डेसिबलच्याही खाली गेलेली, म्हणजे फार मोठा आवाज असेल तरच ऐकू येणार. त्याला आवाज मोठा द्यावा लागतो, तो डोमच्या फटीतून निसटून परत माइकमध्ये शिरतो. मशीन चांगलं होतं, बूच सैल होतं.

मग मोल्डसाठी, म्हणजे माझ्याच कानाच्या आकाराच्या घट्ट बुचासाठी, कानाचं माप. दोरा बांधलेला स्पंजचा बोळा आत सरकवलात, वर पिचकारीनं गार गुलाबी लगदा भरलात, आणि जबडा हलला की कानाची नळीही हलते म्हणून तोंड थोडं उघडं ठेवायला लावलंत. पाच मिनिटांनी जे बाहेर आलं ते आंबेहळदीच्या कोंबासारखं वाकडंतिकडं. माझा कान आतून असा आहे हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं!

मोल्ड घातला त्या दिवशी मात्र रडायची बाकी होते. भजन म्हणायला गेले तर स्वतःचाच आवाज हंड्यात तोंड घालून गायल्यासारखा. ‘सवय होईल’ म्हणून तुम्ही वाटेला लावलं नाहीत. ‘ई’ म्हणायला लावलंत, ‘ऊ’ म्हणायला लावलंत, आणि मोल्डमधलं हवेचं भोक किंचित मोठं करून दिलंत. किंचितच, नाहीतर शिट्टी पुन्हा हजर.

खरे आभार पुढच्या गोष्टीचे. मी हट्टानं डाव्या कानालाही मोल्ड मागितला. पैसे घेऊन आले होते. तुम्ही नाही म्हणालात. त्या कानाला खालचे सूर आपले आपण ऐकू येतात, फक्त ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. तो बंद करून उगाच हंडा कशाला करायचा? भोकांचा डोमच राहू द्या, दोन-तीन महिन्यांनी बदला. समोर आलेलं गिऱ्हाईक असं परत कोण पाठवतं?

मोल्डचं सगळंच गोड आहे असं नाही. उन्हाळ्यात घामानं कान खाजतो, दुपारी काढून पुसावा लागतो. पण परवा एकादशीला माझ्या उजव्या हाताला झांजवाल्या वहिनी बसल्या होत्या, आणि पूर्ण भजनात एकदाही शिट्टी नाही. पदर डोक्यावर होता, बरं का.

डावीकडचे डोम संपत आलेत. पुढच्या आठवड्यात येते. शेंगदाण्याची चटणी आणणार आहे, या वेळी नको म्हणू नका.

तुमची,
उजव्या कानाची शिट्टीवाली आजी