तुळजापूर उजवीकडे होतं, सर

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही "ते राहू दे, वारा किती होता ते सांग" म्हणून विषय फिरवलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. दुसरं कारण असं, की हल्ली फ्लाइंग शिकणाऱ्या मुलामुलींचे मेसेज मला येतात आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "मॅम, मॅप नॉर्थ अप ठेवायचा की ट्रॅक अप?" म्हणजे विमानातल्या पडद्यावरच्या नकाशात उत्तर दिशा वर ठेवायची, की आपण चाललोय ती दिशा? त्याचं उत्तर माझ्याकडे आहे ते तुमचं. स्वतःच्या नावावर खपवणं बरं दिसत नाही.

तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण मी फ्लाइंग शिकायला तुमच्याकडे बारामतीला आले तेव्हा नकाशाच्या बाबतीत मनात एक अढी घेऊन आले होते. आमच्या घरी नकाशा फिरवून बघणं ही चेष्टेची गोष्ट. दादा गाडी चालवायचा, मी शेजारी बसून वळणाप्रमाणे मोबाइल फिरवायचे, आणि मागून काका हमखास म्हणायचे, "बायकांना नकाशा कळत नाही तो असा." होस्टेलवर वेगळं काही नव्हतं. उत्तर वर ठेवून उडतो तो खरा पायलट, ट्रॅक अप म्हणजे व्हिडिओ गेम, असं तिथलं मत. मग मी काय करणार? विमानात बसले की पहिलं काम नॉर्थ अप. कुणी विचारलं तर सांगायचे, "कागदाच्या नकाशाशी जुळतं." खरं कारण काका होते.

तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमच्या सेसना १७२ मध्ये गार्मिनचं जी १००० होतं. उजव्या पडद्यावरच्या नकाशात मेनू, मग मॅप सेटअप, मग ओरिएंटेशन असं गेलं की चार पर्याय मिळतात. नॉर्थ अप म्हणजे उत्तर कायम वर, शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशासारखी. ट्रॅक अप म्हणजे विमान जमिनीवरून ज्या दिशेने सरकतंय ती दिशा वर. हेडिंग अप म्हणजे नाक जिकडे आहे ती दिशा वर. आणि डीटीके अप म्हणजे प्लॅनप्रमाणे जी रेघ धरायची आहे ती वर. कुठला पर्याय चालू आहे ते नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तेवढे दोन शब्द वाचायला अर्धा सेकंद लागतो, आणि ते मोठ्याने वाचल्याशिवाय तुम्ही मला ब्रेक सोडू द्यायचा नाहीत. ही सवय लावलीत ती मात्र त्या डिसेंबरच्या फ्लाइटनंतर.

ती फ्लाइट तुम्हाला आठवते का, माहीत नाही. मला तर रोज आठवते. बारामती–लातूर–सोलापूर–बारामती. लातूरपर्यंतचा १०८ सागरी मैलांचा पट्टा जवळजवळ सरळ पूर्वेला, त्यामुळे नॉर्थ अपवर काही बिघडलं नाही. रेघ डावीकडून उजवीकडे, विमान तिच्यावर, मी खूश. लातूरहून सोलापूरला वळलो आणि ट्रॅक झाला २१३ अंश, म्हणजे नैऋत्येला. पडद्यावरचं छोटं विमान आता नाक खाली करून, तिरकं होऊन खालच्या डाव्या कोपऱ्याकडे निघालं होतं. साडेचार हजार फूट, सकाळची धुरकट हवा, मागून डावीकडून हलका वारा. वाऱ्याने आम्हाला रेघेपासून पाऊण मैल ढकललं होतं. पडद्यावर विमान रेघेच्या डावीकडे दिसत होतं. डावीकडे गेलोय, तर उजवीकडे यायला हवं, म्हणून मी दहा अंश उजवीकडे वळले.

तुम्ही काही बोलला नाहीत. खिडकीबाहेर बघत बसलात.

रेघ लांब जायला लागली. मला वाटलं वारा वाढला असेल. चार मिनिटांत पाऊण मैलाचे दोन मैल झाले, तरी नाक खाली असताना पडद्यावरचं डावं म्हणजे आपलं उजवं, म्हणजे वळणच उलटं घेतलंय, हे डोक्यात येईना. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "तुळजापूर कुठंय?" पडद्यावर तुळजापूर रेघेच्या डावीकडे होतं. मी डावीकडच्या खिडकीतून वाकून बघितलं, एक गाव आणि शेजारचं पाणी शोधून काढलं आणि बोट दाखवून म्हणाले, "ते काय सर, दिसतंय." तुम्ही शांतपणे तुमच्या बाजूची काच ठोकलीत. खाली, अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ, घाटाच्या कडेला वसलेलं गाव.

"देवी माझ्या खिडकीत बसलीय, आणि तू तुझ्या खिडकीतून नमस्कार करतेयस."

दुसऱ्या कुणी हे ऐकवलं असतं तर मला रडू आलं असतं. तुम्ही मात्र लगेच पडद्याचा उजेड पार कमी केलात, पायाशी ठेवलेला कागदाचा नकाशा काढून माझ्या मांडीवर पसरलात आणि तो फिरवलात. सोलापूर वर, लातूर माझ्या पोटाशी. गावांची नावं सगळी उलटी. मी म्हणाले, "सर, नावं वाचता येत नाहीत." तुम्ही म्हणालात, "नावं उलटी झाली तरी चालतील, गावं उलटी व्हायला नकोत." मग दहा-बारा मिनिटांत हिप्परग्याचा तलाव उजवीकडे आला, कागदावर होता तिथेच, आणि त्याच्या पलीकडे सोलापूर.

सोलापूरला उतरल्यावर चहा पिताना तुम्ही सांगितलेलं मी अजून शब्दशः सांगू शकते. "मोजणीवाला शेतात येतो, तेव्हा गावनकाशा हातात घेऊन आधी काय करतो? कागद बांधाला जुळवतो. त्याला कुणी हसतं का? तो जर उत्तर वर धरून उभा राहिला तर तुझ्या शेतातला पाणंदरस्ता शेजाऱ्याच्या विहिरीतून जाईल." मी काकांबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता. तरी तुम्हाला कळलं होतं का? आजही मला हा प्रश्न पडतो. नकाशा फिरवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. मीही स्वतःला सांगितलं नव्हतं.

पुढे एका वर्गात कळलं, की १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या दोघांनी लोकांना फिरवलेल्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून त्या सारख्या आहेत का ते विचारलं होतं. जितके जास्त अंश फिरवलेली आकृती, तितका उत्तराला जास्त वेळ, अगदी सरळ रेघेत वाढत जाणारा. म्हणजे मनातल्या मनात फिरवण्याचं काम प्रत्येकाच्या डोक्याला करावं लागतं, आणि त्याची किंमत वेळात मोजावी लागते. ती आकृती वर्गात पडद्यावर आली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुळजापूरच होतं.

पण तुम्ही ट्रॅक अपची दीक्षा देऊन मोकळे झाला असतात तर हे पत्र इथेच संपलं असतं. परतीच्या ८५ मैलांत तुम्ही मला ट्रॅक अप लावायला सांगितलंत. उजवीकडे उजनीचं पाणी, डावीकडे लांब पंढरपूर, सगळं पडद्यावर होतं तसं बाहेर. मी म्हणाले, "आता कायम हेच ठेवते." तर तुम्ही म्हणालात, "मग समोर बघ. पडद्यावर सरळ पुढे जे आहे, ते काचेतून सरळ पुढे दिसतंय का?" दिसत नव्हतं. थोडं डावीकडे सरकलेलं होतं. उजव्या बाजूने पंधरा नॉटचा वारा होता, आपला वेग एकशे पाचच्या आसपास, म्हणजे नाक आठ-नऊ अंश वाऱ्याकडे वळवलेलं. पडदा आपण कुठे चाललोय ते दाखवत होता आणि काच नाक कुठे बघतंय ते. मग तुम्ही डावीकडे हात केलात आणि चंद्रभागेतल्या होड्यांचा विषय काढलात. पलीकडच्या काठावर पुंडलिकासमोर उतरायचं तर नावाडी नाक पुंडलिकाकडे धरत नाही, पाण्याची ओढ असेल तेवढं वरच्या अंगाला धरतो. बसलेल्याला वाटतं भलतीकडेच चाललोय. हेडिंग अप म्हणजे होडीचं नाक, ट्रॅक अप म्हणजे होडीची वाट. दोन्ही खरं. फक्त आपण काय बघतोय ते माहीत हवं.

या होडीने मला नोकरीत किती वेळा वाचवलंय ते सांगायचं होतं. आता मी एअरबस ए३२० च्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसते. एअरबसच्या नकाशात आर्क (फक्त समोरचा भाग) आणि रोझ (भोवतालचा पूर्ण गोल) या दोन्ही प्रकारांत वर हेडिंगच असतं, तिथे पायलटला निवड नाही. आपण खरोखर कुठे सरकतोय ते एक छोटा हिरवा हिरा दाखवतो. पावसाळ्यात मुंबई–गोवा करताना तो हिरा बघण्यासारखा असतो. वर, चढाई संपल्यावर, पूर्वेचा वारा. नाक डावीकडे, हिरा उजवीकडे. उतरायला लागलो की खालचा पश्चिमेचा मॉन्सूनचा वारा लागतो, आणि हिरा हळूहळू मधून सरकत डावीकडे जातो. एकाच अर्ध्या तासात वारा बाजू बदलतो. वर चाळीस नॉटच्या आडव्या वाऱ्याने पाच-सहा अंशांचा फरक पडतो, खाली आपला वेग कमी झाल्यावर तेवढ्याच वाऱ्याने दहाचा होतो. आणि वेदर रडारवरचा लाल ढग याच नाकाच्या नकाशावर काढलेला असतो. ढग बरोब्बर मध्ये, वरती दिसतोय म्हणून आपण त्याच्यात जातोय असं नाही, आणि ढग बाजूला दिसतोय म्हणून सुटलो असंही नाही. हिऱ्यावरून रेघ ओढून बघायची. तुमचा साठाचा हिशेब (साठ मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल) लावला तर चाळीस मैलांवर दहा अंश म्हणजे जवळजवळ सात मैल. एकदा कॅप्टननी विचारलं, "उजवीकडून काढायचं का?" मी म्हणाले, "सर, नाक तिकडे आहे, आपण नाही." ते हसले आणि विचारलं, "कुणाकडे शिकलीस?"

नॉर्थ अपशी माझं भांडण तुम्हीच मिटवलंत. तुम्ही म्हणायचात, कंट्रोलरशी बोलताना उत्तर दिशाच कामाला येते, कारण त्याच्या पडद्यावर उत्तर वर असते आणि त्याला आपल्या डाव्या-उजव्याशी घेणंदेणं नसतं. "पश्चिमेला दहा मैल" म्हटलं की त्याला कळतं. आणि निघण्याआधी पूर्ण वाट बघायची ती उत्तर वर ठेवूनच. आमच्याकडे त्याला प्लॅन मोड आहे. त्यात रडारचं चित्र येत नाही, म्हणून हवेत तो लावून बसायचं नसतं. पण जमिनीवर वाटेतला एकेक पॉइंट पुढे सरकवत गेलं की वाट शाळेच्या नकाशासारखी उलगडते, आणि एखादा चुकीचा पॉइंट घातला गेला असेल तर रेघ कुठल्या कुठे पळते. तुम्ही काली शहराजवळच्या विमान अपघाताची गोष्ट सांगितली होतीत. २० डिसेंबर १९९५, कोलंबिया, रात्रीची वेळ. घाईत फक्त आर हे एक अक्षर टाकून दिलेला बीकन (जमिनीवरचा रेडिओ खुणेचा पॉइंट) कॉम्प्युटरने जवळचा न घेता बोगोटाकडचा घेतला, विमान डावीकडे वळलं आणि पुढे डोंगर होता. १५९ माणसं गेली. त्या दिवशी तुम्ही गोष्ट संपवून काहीच बोलला नाहीत, नुसते फळा पुसत राहिलात. मी अजूनही पॉइंट सरकवताना प्रत्येक नाव ओठांत म्हणते.

मेसेज करणाऱ्या मुलांना आता मी हे पत्रच पाठवणार आहे. त्यांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं, ते यात नाही याबद्दल त्यांनी तुम्हाला दोष द्यावा.

काका मागच्या महिन्यात माझ्या विमानाने पहिल्यांदा गोव्याला आले. उतरल्यावर म्हणाले, "एवढ्या ढगांत तुम्हाला दिशा कशी कळते गं?" मी त्यांना बरंच समजावलं. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर बघते तर काका मोबाइल आडवा-उभा फिरवत हॉटेल शोधत होते. मी काही बोलले नाही. खिडकीबाहेर बघत बसले.

एक कबुली राहिली. त्या दिवशीचा तुमचा कागदाचा नकाशा अजून माझ्याकडेच आहे. तुम्ही कधी मागितला नाहीत आणि मीही दिला नाही. तुळजापूरला तुमचा लाल पेन्सिलीचा गोल आहे, त्याच्या शेजारी मी लिहिलेला आकडा उलटा आहे, कारण तेव्हा सोलापूर वर होतं. दिवाळीनंतर तीन दिवस सुट्टी आहे. बारामतीला येते, तेव्हा घेऊन येईन. वारा किती होता तेही सांगेन.

तुमची विद्यार्थिनी