छावणीतली चूल समजावून सांगणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सुट्टीच्या दिवशी जाड लोकरीचा निळा कोट चढवायचा, चूल पेटवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अमेरिकेच्या यादवी युद्धातली छावणी समजावून सांगायची, हे तुमचं काम. आमच्या अभ्यासवर्गाच्या तक्त्यांसाठी तुम्ही सवड काढून लांबलचक उत्तरं लिहिलीत. त्यांचे आभार चारचौघांतच मानायला हवेत, कारण त्यातलं बरंच इतरांच्याही उपयोगाचं आहे. आपल्याकडे १८६१ ते १८६५ चं हे युद्ध माहीत आहे ते कापसामुळे. तिकडची बंदरं नाकेबंदीत अडकली, मुंबईत भाव चढले, शेअरबाजार फुगला आणि युद्ध संपताच बसला. पण तिथला साधा शिपाई सकाळपासून रात्रीपर्यंत काय करत होता, हे मराठीत फारसं कुणी लिहीत नाही.

तुम्ही लढायांचे नकाशे बाजूला सारून आधी शिधा मांडलात, ते फार बरं झालं. उत्तरेच्या, म्हणजे दक्षिणेतल्या फुटलेल्या राज्यांशी लढणाऱ्या सरकारी फौजेचा नियम असा: माणशी रोज पाऊण पौंड खारवलेलं डुकराचं मांस किंवा सव्वा पौंड गोमांस, आणि एक पौंड हार्डटॅक, म्हणजे कडक बिस्किटं, ती नसतील तर पाव किंवा पीठ. बाकीचा हिशेब शंभर माणसांमागे. घेवडा किंवा वाटाणे १५ पौंड, कच्ची कॉफी १० पौंड, साखर १५ पौंड, साबण ४ पौंड, मेणबत्त्या सव्वा पौंड. हे झालं कागदावरचं. कूच सुरू झाली की घेवडा, व्हिनेगर, साबण सगळं मागे राहायचं आणि पिशवीत उरायचं बिस्किट, मांस, कॉफी, साखर, मीठ.

हार्डटॅक म्हणजे नुसतं पीठ आणि पाणी. सुमारे आठ सेंटिमीटर लांब, सात रुंद, जाडी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास; दिवसाला नऊ-दहा. कोरडं राहिलं तर दातांनी तुटत नाही, ओल लागली तर बुरशी येते, गोदामात पडून राहिलं तर सोंडकिडे आणि अळ्या होतात. त्यावरचे दोन्ही उपाय तुम्ही नीट लिहिलेत. थंड पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळायचं, नाहीतर बंदुकीच्या दस्त्याने फोडून गरम कॉफीत टाकायचं. किडे वर तरंगतात, ते चमच्याने काढले की कॉफी प्यायला मोकळे.

कॉफीच्या वाटणीची पद्धत तर आम्हाला सगळ्यांत आवडली. सार्जंट घोंगडी पसरून होतील तितके सारखे ढीग घालायचा. मग एकाने ढिगांकडे पाठ करायची, दुसऱ्याने एकेका ढिगावर बोट ठेवून ‘हा कुणाचा?’ विचारायचं आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. आपल्या भाऊबंदकीतल्या वाटण्या अशा झाल्या असत्या तर निम्मी कोर्टं ओस पडली असती! कच्च्या बिया तव्यात भाजायच्या, दस्त्याने कुटायच्या आणि पाणी खळखळून उकळायचं. जंतूंचं ज्ञान तेव्हा नव्हतं, पण या उकळण्याने पुष्कळांची पोटं वाचली असणार.

कारण मारत होती ती छावणीच. उत्तरेचे सुमारे ३ लाख ६० हजार शिपाई गेले. त्यांतले दोन लाखांहून अधिक हगवण, विषमज्वर, गोवर, हिवताप अशा रोगांनी. खेड्यांतून आलेल्या पोरांना गोवर आधी झालेला नसे, त्यामुळे भरती होताच साथ पसरे. हिवतापावर कोयनेल होतं, व्हिस्कीत घालून दिलेलं. हगवणीवर खरा उतारा औषधाचा नव्हता. १८६२ च्या उन्हाळ्यात पोटोमॅक फौजेचे वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन यांनी सुचवलेल्या गोष्टी किती साध्या आहेत: शौचाच्या चरात रोज सहा इंच माती टाका, चर वरून दोन फूट उरला की बुजवून दुसरा खणा, राहुट्या आठवड्याला नव्या जागी हलवा, स्वयंपाक कंपनीचा एकत्र करा. शेवटचा मुद्दा आम्ही तक्त्यावर ठळक केला आहे. चार-सहा जणांनी आपापल्या तव्यात सगळं चरबीत तळायचं आणि घेवडा अर्धाकच्चा उतरवायचा, यातूनच पोटं बिघडत. १८६३ च्या जानेवारीत याच फौजेच्या सेनापतीपदी आलेल्या हूकर यांनी ताजा पाव, बटाटे, कांदे नेमाने द्यायला लावले आणि स्कर्व्ही, म्हणजे ताज्या भाज्यांअभावी हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग, हटू लागली.

उवांचं प्रकरण तुम्ही हसत लिहिलंत, पण नेमकं लिहिलंत. कपडे उकळल्याशिवाय त्या जात नाहीत, आणि उकळायला भांडं बहुधा तेच, ज्यात रात्री रस्सा शिजायचा.

राहुटीचं थोडक्यात: प्रत्येकाकडे अर्ध्या राहुटीचं कापड, दोघांनी बटणं लावून जोडायचे. हिवाळ्यात ओंडक्यांच्या खोपी, फटींत चिखल, वर तेच कापड आणि रिकाम्या पिंपांचं धुराडं. पिंपाला आतून चिखल नीट लिंपला नाही की ते पेट घ्यायचं.

मग कवायत, जेवण, पुन्हा कवायत. बंदूक भरायच्या नऊ हुकमांपैकी एक कागदी काडतूस दातांनी फाडण्याचा. म्हणून भरतीत समोरचे दात तपासत. कवायत पक्की नसली की गलबल्यात बार उडालाच नाही हे कळत नसे आणि त्यावरच दुसरी गोळी ठासली जाई. गेटिसबर्गच्या लढाईनंतर अशा पुष्कळ बंदुका सापडल्या.

पगाराबद्दलचा तुमचा आग्रह आम्ही पाळला आहे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. कृष्णवर्णीयाला १०, त्यातून कपड्यांपोटी ३ कापून. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ५४ व्या, कृष्णवर्णीय शिपायांच्या पलटणीने तो पगार घ्यायलाच नकार दिला. राज्याने फरक भरून देऊ केला, तोही नाकारला. जून १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वेतन सारखं केलं. हा तक्ता तुम्ही म्हणालात तसा शिध्याच्या तक्त्याला लागूनच लावतो आहोत.

मनापासून आभार, दादा. वहिनींनाही सांगा, धुराचा वास असलेला तो कोट घरात ठेवू देतात, हे काही थोडं नाही.

तुमचे,
अभ्यासवर्गातले सगळे