बाय, ते निळं बटण दाबू नको

प्रिय बाय,

रविवारी फोनवर तू सहज बोललीस की नोट्सच्या त्या साइटवर गेलं की क्रोम अपडेट करा म्हणून पान येतं, इंटर्नल संपले की करून टाकते. मी नुसतं "बघून कर" म्हटलं, कारण दुकानात गिऱ्हाईकं उभी होती आणि त्यांच्यासमोर हा विषय मला नको होता. का नको ते खाली कळेल. फोनवर तू हो हो करून ठेवतेस म्हणून लिहून पाठवतोय.

जुलैत माझं काय झालं ते तुला सांगितलंच नाही. आईलाही दोन दिवस सांगितलं नव्हतं. ॲडमिशनचे दिवस, बाहेर धो धो पाऊस, अर्धी डिचोली छत्र्या निथळवत आपल्या काउंटरला, कुणाला रेसिडेन्स सर्टिफिकेट, कुणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा. एका काकांची पीडीएफ मोठी होती, पोर्टल घेईना, म्हणून गुगलवर जी साइट पहिली दिसली तिथे लहान करायला गेलो. पान उघडलं आणि लगेच सगळं गायब, समोर क्रोमचं ते रंगीत गोल चिन्ह, खाली तुमचा ब्राउझर जुना झालाय असं इंग्रजीत आणि एक निळं बटण.

आता दोन वर्षं तूच माझ्या मागे लागलीयस ना, पपा लेटर लेटर करू नका, अपडेट करत जा. म्हटलं चला, आज लेकीचं ऐकूया. दाबलं.

एक झिप आली. आत एकच फाईल, नावाच्या शेवटी डॉट जेएस, म्हणजे नुसती स्क्रिप्ट, काही केबीची. बारा वर्षं दुकान चालवतोय, तिथेच कळायला हवं होतं, आख्खा ब्राउझर एवढ्याशा केबीत मावतो होय? पण घाई. डबल क्लिक केलं, एक काळी खिडकी उघडली आणि डोळा लवायच्या आत मिटली. बाकी काहीच नाही. काकांचं काम मोबाईलवरून करून दिलं आणि मी विसरूनही गेलो.

रात्री अडीचला मोबाईलवर मेलचा अलर्ट, भलत्याच ठिकाणाहून कुणीतरी लॉगिन करतंय. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलले असणार. उठून आधी लॅपटॉपचं नेट तोडलं, मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदलले, सकाळी बँकेला फोन, मग फॉरमॅट. पैसे गेले नाहीत. पण डाऊनलोड फोल्डरात लोकांची आधारं, पॅन, पोरांच्या मार्कशीट पडलेल्या गो, मी रोज रात्री डिलीट करतो असं सांगायचो आणि करायचो आठवड्याने. दोन दिवस तोंड उघडलं नाही, लाज वाटली. तिसऱ्या दिवशी एकेकाला बोलावून सांगितलं, त्यांच्या एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून दिलं. एक आजी म्हणाली, सांगितलंस तरी बाबा. एक जण मात्र अजून समोरून छत्री आडवी धरून जातात.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की हे लोक चांगल्या साइटही हॅक करून त्यात असलं पान घुसवतात, म्हणजे "साइट ओळखीची आहे" हे तुझं कारण चालणार नाही. तू फायरफॉक्स वापरलंस तर फायरफॉक्सचं चिन्ह दाखवतील. खरं अपडेट वेबसाइटच्या पानावर येतच नाही. ते पान बंद कर, फुलस्क्रीन होऊन बसलं असेल तर एस्केप दाबून धर, नाहीतर ऑल्ट एफ-फोर. मग क्रोमच्या वर उजवीकडची तीन टिंबं, हेल्प, अबाउट गुगल क्रोम. खरंच काही बाकी असेल तर तिथे ते आपणहून उतरतं, आपण फक्त रीलॉन्च दाबायचं. विंडोजचं सेटिंग्जमध्येच. फ्लॅश प्लेयरचं अपडेट कुणी दिलं तर सरळ चोर समज, ते 2020 च्या शेवटी बंदच झालं.

अजून एक नवीन काढलंय. "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" म्हणून विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. ती कमांड त्यांनी आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि ती चालवतो आपण, आपल्याच हाताने! तुमच्या हॉस्टेलात क्रॅक सॉफ्टवेअर शोधणारे असतील त्यांना हे आधी सांग.

म्हणून अपडेटच नको असं मात्र करू नको, तो दुसरा वेडेपणा. मे 2017 ला वॉनाक्राय आलं, फायली कुलूपबंद करून पैसे मागणारं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, दिलेला होता, ज्यांनी लावला नव्हता ते अडकले.

तुझी आई माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, सोबतची एपीके, म्हणजे ॲपची फाईल, टाका. म्हणाली, पावसात लाईट न सांगता जाते, आजच एवढं कळवून कशाला जाईल, आणि डिलीट केलं. ती टाकली असती तर एसएमएसची परमिशन मागितली असती आणि ओटीपी तिकडे बसून वाचले असते.

तू काही दाबून बसली असशील तर आत्ता सांग, मी ओरडणार नाही, कुठल्या तोंडाने ओरडू? नेट तोड, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदल. खात्यातून पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन आणि बँकेला, मग मला. मी ते दोन दिवस घालवले तसे तू घालवू नको.

चवथीला येताना लॅपटॉप घेऊन ये, आई गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानात गुंतलेली असेल तेव्हा आपण बसून बघूया. आणि ते पान परत आलं तर मोबाईलने त्याचा फोटो काढून पाठव, मोठी कलर प्रिंट काढून काउंटरला चिकटवतो, त्या छत्रीवाल्यांनाही रस्त्यावरून दिसेल एवढी.

तुझा पपा