नळ-दमयंतीतला जुगार मुलांना सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रामनवमी जवळ आली की नागपुरात पोद्दारेश्वर राममंदिराच्या शोभायात्रेचे वेध लागतात आणि ठिकठिकाणी प्रवचने सुरू होतात. पुढे उन्हाळी सुट्टीत संस्कारवर्ग भरतात. ही प्रवचने करणाऱ्यांना आणि वर्ग चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: यंदा नळ-दमयंतीची कथा सांगा, आणि पूर्ण सांगा.

दमयंती आपल्या विदर्भाची लेक, कुंडिनपूरच्या भीमराजाची. पण मुलांना ठाऊक असतात ते फक्त हंस आणि स्वयंवर. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ही कथा सांगतात ती द्यूतात सर्वस्व हरून वनात आलेल्या युधिष्ठिराला. ती मुळात जुगाराने मोडलेल्या घराची कथा आहे.

नळ भावाशी, पुष्कराशी, फासे खेळत सुटला. मंत्री आणि प्रजा दारात येऊन उभी राहिली तरी तो एक शब्द बोलला नाही. तेव्हा दमयंतीने बृहत्सेना दाईला मंत्र्यांकडे पाठवले; किती गेले, किती उरले, ते स्पष्ट सांग म्हणाली. काही लपवले नाही. त्याचाही उपयोग होईना, तसे वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुले माहेरी पोचती केली. नळ राज्य हरला, तेव्हा स्वतः मात्र नवऱ्याबरोबर वनात गेली.

आमच्या वस्तीतल्या एका घरात नेमके उलटे झाले. तरुण मुलगा मोबाइलवर पैसे लावून खेळायचा. आईने बांगड्या मोडून त्याचे देणे फेडले, पण सख्ख्या भावालाही कळू दिले नाही. लोक काय म्हणतील! काही दिवसांत पोरगा पुन्हा खेळू लागला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, ते चांगलेच झाले. पण आयपीएलच्या दिवसांत पानठेल्यावर कानावर पडणारे आकडे ऐकले की सट्टा उठला असे वाटत नाही.

नळाची चूकही झाकू नये. झोपलेल्या बायकोला अर्ध्या वस्त्रात रानात टाकून तो निघून गेला, हे मुलांना कळू द्या. पुढे त्याने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे बाहुक या नावाने घोडे सांभाळले, चाकरी केली. बेहड्याच्या झाडाखाली ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, मिळाली तेव्हाच त्याला जुगाराला लावणारा कली त्याच्या अंगातून निघाला. राज्य परत मिळाल्यावर त्याने पुष्कराला मारले नाही, त्याचा वाटा देऊन सन्मानाने घरी पाठवले. हा भाग तर मला सगळ्यात मोठा वाटतो.

आपल्या रविवारच्या पुरवणीतही सुट्टीभर ही कथा क्रमशः छापावी. आई-वडिलांनी ती मुलांना जवळ बसवून वाचून दाखवावी, आणि घरात कोणी खेळत असेल तर आजच मामा-काकांना सांगावे.

आपला,
एक वाचक
महाल, नागपूर