एसएनप्रिंटएफने खरी लांबी सांगितली, दोष प्रोग्रामचा

महोदय,

यंदा आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगवर जुना विंडोज संगणक काढून लिनक्स बसवलं आणि कापसाच्या बऱ्याच काटापावत्यांवर गाव, वजन, भाव उमटेनासे झाले. चुकाऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्याच्या हातात नुसतं ‘ज्ञानेश्वर’ छापलेला कागद! ‘लिनक्सच बेकार’ असा बोभाटा झाला. तो सी भाषेतला प्रोग्राम मी स्वतः उघडून पाहिला, म्हणून हे पत्र.

पावतीची ओळ एसएनप्रिंटएफ (snprintf) हे सी भाषेतलं फंक्शन जुळवतं: ते दिलेल्या जागेत मावेल तेवढा मजकूर लिहितं आणि प्रोग्रामला एक आकडा परत देतं. मजकूर जागेत मावला नाही तर मायक्रोसॉफ्टचं जुनं फंक्शन उणे संख्या परत द्यायचं. लिनक्सवरची जीलिबसी (सी भाषेच्या तयार फंक्शन्सचा संच) हीही २.०.६ आवृत्तीपर्यंत −१ द्यायची. १९९९ च्या सी प्रमाणाने ठरवलं, की मजकूर कापला गेला तरी पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते तो आकडा द्यायचा. जीलिबसीने २.१ पासून आणि मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून ते पाळलं.

हा प्रोग्राम मात्र अजून ‘उणे आलं का?’ एवढंच तपासत होता. त्यात नावं आता देवनागरीत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’मध्ये काना, मात्रा, हलन्त धरून १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. नावाला जागा ३२ बाइट, त्यातला एक मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याचा. वडिलांचं नाव, आडनाव बाहेरच राहिलं. फंक्शनने पूर्ण नावाची लांबी सांगितली, प्रोग्रामने तेवढं पुढे सरकून गाव-वजन लिहिलं आणि छपाई आधीच्याच शून्यापाशी थांबली.

‘पूर्वीसारखं −१ करा’ म्हणणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. −१ वरून मावलं नाही एवढंच कळतं. नव्या रीतीत आधी शून्य जागा देऊन लांबी विचारता येते, मग शेवटच्या शून्यासाठी एक बाइट धरून तेवढी मेमरी घ्यायची. कोणाचं आडनाव कापायचं कामच नाही. शिवाय तोच प्रोग्राम कोणत्याही मशीनवर सारखा चालतो. बर्कलेच्या जुन्या युनिक्सवर एसप्रिंटएफ (याच कामाचं, पण जागेची मर्यादा न पाहणारं जुनं फंक्शन) मजकुराचा मेमरीतला पत्ता परत द्यायचं, इतरत्र अक्षरांची संख्या. १९८९ च्या प्रमाणाने संख्याच पक्की केली, तेही योग्यच झालं.

राग येतो तो आमच्याकडच्या प्रयोगशाळांचा. तिथे अजून टर्बो सी हे सी शिकवायचं जुनं सॉफ्टवेअर, १९९९ च्या कितीतरी आधीचं. पोरं एसएनप्रिंटएफ न बघताच डिप्लोमा घेतात आणि पुढे जिनिंगचे, पतसंस्थांचे प्रोग्राम तीच लिहितात. जीसीसी हा सी भाषेचा आधुनिक कंपायलर फुकट मिळतो. तंत्रनिकेतनांनी पुढच्या सत्राआधी तो बसवावा आणि परत आलेला आकडा दिलेल्या जागेशी ताडून पाहण्याचा एक प्रश्न प्रात्यक्षिक परीक्षेत सक्तीचा करावा.

– एक संगणक शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा